मॅडमचा निरोप

१

मॅडम गेल्या त्याच्या आदल्या दिवशी घरात भांडण झालं ते पडद्यांवरून. त्यांच्या बहिणीने, धाकटीने, धुतलेले पडदे उलटे लावले होते, शिवण बाहेरच्या बाजूला.

"शिवण काय जगाला दाखवायचीय?" मॅडम पलंगावरून म्हणाल्या.

"तुझ्याकडे बघायला कुठलं जग येतंय आता!" धाकटी स्टुलावरून म्हणाली.

"येतं हो. परवाच एक जण फाटकाशी टक लावून उभा होता."

"तो मीटर वाचायला आला होता."

ठकी खिडकीत बसून मुद्रितं तपासत होती. ती हसली आणि हातातल्या पेन्सिलीचा फराटा ओळभर गेला. चाळिशीतली बाई, एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक. पण या घरात ती अजून ठकीच होती.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी स्टुलावरून उतरली, घसा साफ केला, आणि तिच्या तोंडून मॅडमचा आवाज निघाला. तोच खर्ज, शब्दाआधीचा तोच छोटा थांबा. "जी, बोल रही हूँ... नहीं, तबीयत ठीक नहीं है... अगले हफ़्ते।" फोन ठेवून ती पुन्हा स्टुलावर चढली. सगळ्या कारकिर्दीत मॅडमचे फोन तिनेच घेतले होते. निर्मात्यांना वाटे, हिरॉईन स्वतः बोलली. दोघी बहिणींचे गळे एकाच साच्यातले, आणि मॅडमना फोनचा कंटाळा.

घरातली नातीही अशीच अदलाबदल केलेली होती. ठकीला जन्म दिला मॅडमनी. बाप परदेशी निघून गेला तो गेलाच. या हकिगतीत त्याचं काम नाही. पण लग्न न झालेल्या हिरॉईनला मूल असणं हिंदी सिनेमाला चालणार नव्हतं. म्हणून जगाच्या लेखी ठकी धाकटीची मुलगी, मॅडमची भाची. चुकून कुणासमोर तोंडातून जायला नको, म्हणून घरातसुद्धा ती जन्मदात्रीला 'मावशी' म्हणायची आणि मावशीला 'आई'. कळत्या वयात खरं काय ते तिला सांगितलं गेलं. जीभ मात्र वळायची ती वळलीच नाही.

"ठके, इकडे ये," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर छोटा रेकॉर्डर होता. "साहेबांचा सत्कार ठेवलाय. मला जाववत नाही, म्हणून माझ्या आवाजात दोन शब्द मागितलेत. मी तुझ्याबद्दल बोलणारय."

"काय बोलणार आहेस?"

"तू माझी कोण आहेस ते. तू पहिल्या रांगेत बस. आणि साडी नीट नेस, गोणपाट गुंडाळल्यासारखी नको."

ठकीचे कान तापले. "मावशी, आता कशाला?"

"मी मेल्यावर छापतील, मागे कोणी नाही म्हणून. मला ते वाचायचं नाही."

"तेव्हा तू वाचणार कशी?"

"तेच म्हणते मी," मॅडम म्हणाल्या आणि दोघींना बाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं.

आत त्या खूप वेळ बोलत होत्या. धाकटीला चहा दोनदा गरम करावा लागला. बाहेर आल्या तेव्हा आवाज बसला होता आणि चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. रेकॉर्डर त्यांनी एका पाकिटात घातला आणि दाराजवळच्या फळीवर ठेवला. संध्याकाळी मुलाखतीची वेळ असल्यासारखे केस विंचरून घेतले.

सकाळी त्या उठल्या नाहीत.

२

सत्कार पुढे ढकलला गेला. त्याच सभागृहात आधी शोकसभा झाली. मंचावर मॅडमचा भिंतीएवढा फोटो होता, साहेबांनी दिग्दर्शित केलेल्या सिनेमातला. गालावर अश्रू, थरथरता ओठ. तो अश्रू बघून एक अख्खी पिढी रडली होती.

ठकी पहिल्या रांगेत बसली होती. साडी तिने दोनदा सोडून नेसली होती.

"मॅडमनी जायच्या आदल्या दिवशी आपल्यासाठी निरोप ठेवला आहे," संयोजक म्हणाला आणि दिवे मंद झाले. ठकीने खुर्चीचे हात धरले. सगळ्या जन्मात तिने एवढी कशाची वाट पाहिली नव्हती.

भिंतींवरच्या कर्ण्यांतून मॅडमचा आवाज आला.

"मैंने ब्याह नहीं किया। मेरे बच्चे नहीं हुए। सिनेमा ही मेरी औलाद है। आप लोगों ने इतना प्यार दिया कि मेरा आत्मा तृप्त हो गया। अब कुछ कहना बाकी नहीं।"

एवढंच. सभागृहात हुंदके फुटले. ठकीच्या शेजारची अनोळखी बाई तिचा हात दाबत म्हणाली, "भाची ना तुम्ही? नशीबवान हो, अशी मावशी मिळाली."

ठकीने हात सोडवून घेतला. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो आधी आला मेलेल्या माणसाचा. शेवटच्या घटकेलासुद्धा कच खाल्लीस? मला पहिल्या रांगेत बसवून, साडीबिडी नेसवून, हे ऐकवलंस?

बाहेर जिन्यात आल्यावर तिला चहा आठवला. दोनदा गरम केलेला. आणि तो बसलेला आवाज. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? घशाला काय होतं त्याने?

मॅडम खूप काही बोलल्या होत्या. ते कुणीतरी काढून टाकलं होतं, आणि त्या जागी हे ठेवलं होतं.

३

पाकीट फळीवरून उचललं होतं मॅडमच्या सेक्रेटरीकाकांनी. मॅडम गेल्या त्या सकाळी ते घरी आले आणि जाताना पाकीट घेऊन गेले, हे ठकीने स्वतः पाहिलं होतं.

त्यांचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर हिरॉईनींचे फोटो. ज्यांच्या शूटिंगच्या तारखा ते आता सांभाळत नव्हते त्यांचे फोटो उन्हाने पिवळे पडले होते. मॅडमचा फोटो नवा होता.

"काका, पाकिटात काय होतं?"

"रेकॉर्डर. साहेबांच्या ऑफिसात दिला. सत्काराचं सगळं तिथूनच चाललंय ना. वाटेत कुठे थांबलो नाही. दाढीसुद्धा केलेली नव्हती मी त्या दिवशी."

"ऐकलात?"

"मी मॅडमच्या तारखा सांभालल्या, ठके. मॅडमना सांभाललं धाकटीने." ते मराठी स्वच्छ बोलत, फक्त 'ळ' त्यांना कधी जमला नाही. घरी ते हिंदीच बोलत. लग्नही हिंदीत केलं, मुलांनाही हिंदीतच रागावले, असं मॅडम म्हणायच्या. "पण काय बोलणार आहेत ते मला माहीत होतं. मला विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, नका."

"का?"

"लोकांना त्या एकट्याच आवडतात. एकटी बाई, पांढरी साडी, खिडकीशी उभी. तिथे पोर कुठे बसवायची?"

"मी चाळीस वर्षांची आहे, काका. मला कुणाच्या कडेवर नाही बसायचं."

काकांनी पंख्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटतं ते सांगू? साहेबांकडे स्टुडिओ आहे. मॅडमचा आवाज तिथे ढिगाने पडून आहे, वर्षानुवर्षांच्या डबिंगचा. एक शब्द इथला, एक तिथला. ज्याच्या हातात कात्री, तो मेलेल्याकडून काहीही बोलवून घेईल."

४

साहेबांनी ठकीला त्यांच्या छोट्या थिएटरात बसवलं. दहा-बारा खुर्च्या, पांढरा पडदा, कोंदट थंडावा. त्यांचं वय झालं होतं, पण बोट अजून दिग्दर्शकाचं होतं. बोलताना ते माणसाला त्या बोटाने सरकवत.

"निरोप तुम्ही बदललात," ठकी म्हणाली.

साहेब मनापासून हसले. "कशासाठी? काय लपवायला?"

"तुम्ही शूटिंगच्या वेळी तिला थोबाडीत मारलीत ते."

"ते? ते तर मी स्वतःच सांगतो! प्रत्येक भाषणात. लोक टाळ्या वाजवतात. अरे, त्या थपडेने हिंदी सिनेमाला त्याचा सगळ्यात सुंदर अश्रू दिला."

"मग मी. माझं असणं."

"तुझं असणं सगळ्या युनिटला ठाऊक होतं, पोरी. त्या शूटिंगच्या वेळी तू पोटात होतीस. शिंपी रोज शिवण सैल करायचा. मी कॅमेरा कमरेच्या वर ठेवला. खरं तर आभार मान माझे."

ठकीला क्षणभर पडद्याचा पांढरा रंग सोडून दुसरं काही दिसेना. "ती पोटुशी होती. तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही हात उचललात?"

"गालावर मारलं. पोटावर नाही."

हे वाक्य ते इतक्या सहज बोलले की ठकीला कळलं, आपण गुन्हेगाराच्या समोर बसलोय. फक्त या गुन्ह्याच्या नाही. ज्या माणसाला कशाचीच लाज नाही त्याला लपवायला कात्री लागत नाही.

ती उठणार होती. पण चूक कुठल्या ओळीत आहे हे पाहिल्याशिवाय पान उलटायचं नाही, ही तिची धंद्याची सवय. तिने विचारलं, "कुठल्या वाक्यावर मारलंत?"

"'मेरी आत्मा तुम्हें पुकारेगी।' तुम्हा मराठी लोकांचा आत्मा पुरुष. 'तो' आत्मा. हिंदीत ती बाई आहे. ही प्रत्येक टेकला 'मेरा आत्मा' म्हणायची. युनिट थकलं, ऊन उतरलं. मग लावली एक." साहेबांनी हवेत हात फिरवला. "पुढच्या टेकला डोळ्यांत पाणी, ओठ कापतोय, आणि स्वच्छ 'मेरी'! त्यानंतर तो शब्द तिने जन्मात तोंडात घेतला नाही. लेखकाने लिहिला तर बदलून मागायची. 'दिल' द्या म्हणायची."

ठकी उठता उठता थबकली. शोकसभेतला आवाज तिच्या कानात पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी तिने तो छापलेल्या ओळीसारखा वाचला.

मेरा आत्मा तृप्त हो गया.

छापलेलं असतं तर पेन्सिल आपोआप थांबली असती. पण कान मराठी होता. मराठी कानाला त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

५

स्टुडिओच्या पायऱ्यांवर बसून तिने एकेक करून माणसं बाजूला काढली.

कात्रीचं काम नव्हतं. बाद झालेल्या टेकमध्ये 'मेरा आत्मा' पडून असलं, तरी साहेबांसारख्यांनी ते उचललं नसतं. ते वाक्य कुठल्याच सिनेमातलं नव्हतं. ते ताजं बोललेलं होतं.

साहेबांनी लिहून दिलं असतं, तर 'मेरी' लिहिलं असतं. सेक्रेटरीकाकांनीही. त्यांच्या हातून ही चूक झोपेतसुद्धा झाली नसती.

आणि मॅडम? जिच्या गालावर तो शब्द बसला होता, ती तो चुकवणार नाही. ती तो वापरणारच नाही. ठकीला आठवेना की घरी, मराठीतसुद्धा, मॅडमनी कधी 'आत्मा' म्हटलं असेल. जीव म्हणायच्या. काळीज म्हणायच्या.

म्हणजे बोलणारी व्यक्ती मराठी होती. तिची हिंदी फोनवरची होती. तारखा, तबीयत, अगले हफ़्ते. त्या हिंदीत आत्मा कधी लागत नाही. आणि तिचा गळा मॅडमचा होता.

ठकी घरी आली तेव्हा धाकटी मॅडमच्या साड्यांना इस्त्री करत होती.

"कोण नेसणार आहे त्या?" ठकीने विचारलं.

"कोणी नाही. चुरगळलेल्या बघवत नाहीत."

"हिंदीत आत्मा बाई असते, आई."

इस्त्री थांबली. मग धाकटीने ती उचलून नीट उभी ठेवली, साडी जळू नये म्हणून. तेवढ्यात तिने खोटं बोलायचं ठरवलं असावं आणि बेत बदललाही असावा, कारण ती खुर्चीत बसली ती एकदम पोतं टाकल्यासारखी.

"त्या सकाळी डॉक्टर यायच्या आधी मी पाकीट उघडलं," ती म्हणाली. "नुसतं ऐकणार होते. तिचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही मनात नव्हतं."

"मग?"

"मग ऐकलं." तिचा चेहरा वाकडा झाला. "साहेबाला नावं ठेवली, तोपर्यंत मला बरंच वाटत होतं. पुढे म्हणाली, माझी मुलगी. म्हणाली, ती मला मावशी म्हणते तेव्हा मला रोज थोडं मारल्यासारखं होतं. तुझा पहिला दात, तुझं अक्षर, तुझं हसणं, सगळं सांगितलं. सगळं! आणि त्यात मी कुठे होते माहितेय? 'मेरी बहन ने देखभाल की।' देखभाल! मी काय बागेला पाणी घालत होते?"

"म्हणून पुसलंस."

"तुझे ताप मी काढले. शाळेत मला बोलावायचे. ती शूटिंगवरून यायची आणि साडी चुरगळेल म्हणून तुला उचलून घ्यायची नाही. तिचं सगळं माझ्या नावावर चाललं आणि माझं सगळं तिच्या. एक 'आई' तेवढं माझं होतं. तेही ती जाता जाता घेऊन चालली होती. अख्ख्या जगासमोर!"

"ते तुझं नव्हतं, आणि तिचंही नव्हतं," ठकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. पण तो असा काही आला की धाकटीने मान वर केली. "म्हणणारी मी होते. कुणाला काय म्हणायचं हे मला तुम्ही दोघींनी एकदा तरी विचारलंत? तिने कारकीर्द सांभाळायला मला देऊन टाकलं, तू भीतीपायी धरून ठेवलंस. ती मेली त्या दिवशी मी काय म्हणून रडले असेन, सांग. दारात आलेल्या बायका तुझं सांत्वन करत होत्या आणि मी त्यांना पाणी देत होते. भाची म्हणून!"

धाकटी रडायला लागली. ठकीने तिला रडू दिलं.

"मी परत भरून देते," बऱ्याच वेळाने धाकटी म्हणाली. "शब्दन् शब्द पाठ झालाय मला. तिच्या आवाजात देते. कुणाला कळणार नाही. 'देखभाल'सुद्धा तसंच ठेवते."

खर्जात जाण्यासाठी तिने घसा साफही केला. ठकीने पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको. तिच्या आवाजात आता कोणी बोलायचं नाही."

६

सत्कार झाला तो दुपारचा. सभागृह भरलं होतं. जुना सिनेमा नव्याने स्वच्छ करून दाखवला होता, आणि तो अश्रू आता आधीपेक्षा ठळक दिसत होता. गालावर पाच बोटांचे पुसट वळही दिसत होते. लोकांना वाटलं, मेकअप.

या वेळी ठकीला पहिल्या रांगेत कुणी बसवलं नव्हतं. ती आणि धाकटी मधल्या रांगेत, भिंतीच्या कडेला होत्या. पुरावा काहीच नव्हता. रेकॉर्डर पुसलेला, साक्षीदार मेलेले किंवा मिंधे. उरली धाकटी, तर ती घरचीच. उद्या कुणी म्हणालं असतं, प्रसिद्धीसाठी भाची मुलगी बनली, तर दाखवायला तिच्याकडे एक कपटा नव्हता.

साहेब शाल सावरत माइकपाशी आले. "सगळे विचारतात, तो अश्रू कसा आला," ते म्हणाले, आणि गोष्ट माहीत असलेले आधीच हसू लागले. साहेबांनी रीटेक मोजून दाखवले, थकलेल्या कॅमेरामनची नक्कल केली. मग थांबले, हात उचलला आणि हवेत एक चापट मारली.

"आणि अश्रू हजर!"

सभागृह खदाखदा हसलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत सेक्रेटरीकाका टाळ्या वाजवत होते, मान खाली घालून.

ठकी उठली. धाकटीने मांडीवरची पर्स उचलून छातीशी धरली आणि पाय आत घेऊन तिला वाट करून दिली. ठकी मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. संयोजक लगबगीने आला, "बाई, प्रश्न शेवटी, प्रश्न शेवटी."

"मला काही विचारायचं नाही," ती म्हणाली. मोठ्याने, मराठीत. हसणं एकेका रांगेतून विझत गेलं. साहेबांनी डोळ्यांवर हात धरून अंधारात पाहिलं.

"कोण आहे?"

"हसू नका कोणी," ठकी म्हणाली. "त्या दिवशी ती पोटुशी होती, आणि यांना ते माहीत होतं. तिच्या पोटात मी होते. तुम्ही मला तिची भाची म्हणून ओळखता. मी तिची भाची नाही. ती माझी आई होती."

संयोजकाने तिचा दंड धरला होता. तिने तो झटकला नाही. तिला अजून एकदा म्हणायचं होतं, आणि या वेळी ती कुणालाच सांगत नव्हती.

"आई," ती म्हणाली.